मथुरेच्या जागी दोन सुपाऱ्या

टाक सापडला. लग्नही लागलं. आत्यानं जिलबी तीनदा मागून घेतली आणि चौथ्यांदा न मागता घेतली. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, त्यांनी आपापल्या कामाला जायला हरकत नाही.

बाकीच्यांनी वरचा परिच्छेद वाचलेला नाही. टाक सापडलेला नाही, लग्नाचं काही खरं नाही, आणि आत्यानं सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही.

१. पुराव्याला चुना

गुरुवारी सकाळी आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये द्वारकाआत्या किंचाळली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला जालन्याला दिली, पण तिची मतं काही सासरी गेली नाहीत. ती आमच्याकडंच राहिली.

"सोमनाथ! मथुरा गेली रे!"

मथुरा म्हणजे माझी आई. ती सहा वर्षांपूर्वीच गेली होती. त्यामुळं बाबा अर्धी दाढी टाकून बाहेर आले तरी फार घाईत नव्हते.

"आता कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

आत्यानं देव्हाऱ्याकडं बोट केलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्यात जुनी पद्धत अशी आहे की, माणसानं दुसरं लग्न केलं तर नव्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकून उठवलेली. तो घातला की पहिली रुसत नाही, असं म्हणतात. येत्या रविवारी बाबांचं सुरेखाकाकूंशी लग्न होतं. काकू बजाजनगरच्या. त्यांचे यजमान अभय वाकळे वारले, मागं काकू आणि एक मुलगी. या लग्नाला हो म्हणताना आत्यानं एकच अट घातली होती, ती म्हणजे मथुरेचा टाक. तो शहागंजातल्या राजकुमार सोनाराकडून करून आणला. आत्यानं त्याला दुधापाण्यानं न्हाऊ घातलं, काळ्या गोफात ओवलं आणि देव्हाऱ्यातल्या ताम्हणात बसवलं.

आता ताम्हणात टाक नव्हता. त्याच्या जागी विड्याचं एक हिरवंगार पान होतं, पानावर सुपारी. काळा गोफ घडी घालून पानाच्या कडेला ठेवलेला. आणि शेजारी, जिथं कधीच काही नव्हतं तिथं, चिमूटभर तांदूळ आणि त्यावर दुसरी सुपारी.

"येईल की माघारी," बाबा म्हणाले. "देव दुरुस्तीला न्यायचा आसंल तर जागेवर सुपारी ठेवतेत. पद्धतच हाय."

"कुणी नेला?"

"नेला आसंल कुणीतरी," असं म्हणून बाबांनी चपला घातल्या. "मी जरा जाऊन येतो."

एक गाल करायचा राहिला होता. पण आमच्या घरात त्या वेळी गालाकडं बघायला कुणी मोकळं नव्हतं.

तपासाची सूत्रं मामांनी हाती घेतली. तात्यासाहेब, आईचे भाऊ. आयुष्यभर सिल्लोडच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळं साधी गोष्टही ते माईकवर सांगितल्यासारखी सांगतात.

"फर्दापूर, अजिंठा... आपलं, घरातल्या सर्व मंडळींनी आपापली जागा सोडू नये! हा सुपारीचा प्रकार म्हंजे एसटीत रुमाल टाकून सीट धरल्यावानी हाय. मथीची सीट धरलेली हाय. ठीक. पण मंग दुसरी सीट कुणाची?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही सगळे एकमेकांकडं संशयानं बघायला लागलो. आमच्याकडं संशयानं बघायला माणसं कमी होती, म्हणून आत्या काही वेळ फ्रिजकडंही बघत होती. तेवढ्यात कट् असा आवाज आला.

मामांना विचार करताना तोंडात काहीतरी लागतं. त्यांनी खिशातला अडकित्ता काढून दोन्ही सुपाऱ्या कातरल्या होत्या आणि आता ते पान दुमडत होते.

"मामा," मी म्हणालो, "तो पुरावा होता."

"व्हय?" मामांनी पुरावा गालात सरकवला. "चुना हाय का रे घरात, शिवराज?"

आत्या मात्र चुन्याच्या पलीकडं, उघड्या दाराकडं बघत होती.

"मला म्हाईत हाय कुणी नेला ते," ती म्हणाली.

दारात राजनंदिनी उभी होती.

२. हवेतला माणूस

राजनंदिनी ही सुरेखाकाकूंची मुलगी. वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते, म्हणजे दिवसभर नटबोल्ट नापास करते. ती माझ्यापेक्षा थोडी मोठी आहे. तिला ताई म्हणायचं की नाही, हा निर्णय मी लग्नानंतर घेणार होतो.

तिच्यावर संशय येण्याचं कारण माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मी फ्लेक्स डिझाइन करतो. वाढदिवस, निवड, फेरनिवड, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं. आत्याची इच्छा होती की लग्नाच्या जेवणाला दोन्ही घराण्यांची वंशवेल आठ बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर लागावी. म्हणून राजनंदिनी महिनाभर फोनवर सगळ्यांच्या मुलाखती घेत होती. कुठलं गाव, कुठला देव, आडनाव कसं पडलं. डोईफोडे एका बाजूला, वाकळे दुसऱ्या बाजूला, मध्ये लग्नाची रेघ. तिथंच घोळ झाला.

"तुझा बाप हितं कशाला?" आत्यानं आदल्या दिवशी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं होतं. "वंशवेलीत पहिला नवरा कुणी दावतं का?"

"पहिली बायको दाखवलीय की."

"ती घरची हाय."

मग मी अभयकाकांची चौकट उचलून बाजूला ठेवली. कुठं जोडायची ते कळेना, म्हणून ती स्क्रीनच्या कोपऱ्यात तरंगत राहिली. राजनंदिनी बराच वेळ त्या चौकटीकडं बघत होती.

"आमचे बाबा हवेत," ती म्हणाली. मग आत्याकडं वळली. "तुमच्या मथुराबाई माझ्या आईच्या गळ्यात राहणार. कायमच्या. आणि माझ्या बाबांना फ्लेक्सवरसुद्धा जागा नाही. मग आईनंच का घालायचा तो टाक?"

हे वाक्य बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि गुरुवारी सकाळी टाक गायब.

"मी नाही नेला," राजनंदिनी आता दारातून म्हणाली.

"मंग दुसरा कोण नेणार?"

"दुसरा करून घेऊ ना टाक," मी मध्ये पडलो.

"करून घेऊ?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. तिचा आवाज खाली आला की समजावं, आता ती खरं बोलतेय. "माज्या हातानं न्हाऊ घातलं तिला. एकदा न्हाऊ घातलं की पत्रा ऱ्हात न्हाई, माणूस होतंय. तिला टाकून दुसरी घडवू? ती सापडंस्तोवर लगीन न्हाई."

खाली रिक्षात सुरेखाकाकू खोकी सोडवत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कालही त्या खोकी घेऊन आल्या होत्या. काकूंनी आयुष्यात एकही पिशवी तशीच ठेवलेली नाही, प्रत्येक पिशवीची त्या त्रिकोणी घडी करतात. काल खोक्यांवर नावं टाकताना त्यांनी पेन कानाला अडकवला आणि घरभर पेन शोधला. मला हसू आलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमची आई अशीच. चष्मा डोक्यावर सरकवायची आणि घरभर चष्मा शोधायची. एकदा एसटीत ड्युटीवर असताना अख्ख्या गाडीला सीटखाली वाकायला लावलं होतं. काकू हसल्या नाहीत. "डोक्यावर म्हणजे कुठं? पुढं की मागं?" एवढंच त्यांनी विचारलं. "पुढं," मी म्हणालो.

राजनंदिनीनं फोन बाहेर काढला.

"आत्या, मुलाखती अजून संपलेल्या नाहीत. शनिवारपर्यंत मी टाक शोधून देते. पण मग माझे बाबा हवेत राहणार नाहीत."

"आन न्हाई घावला तर?"

"तर मी माझ्या आईला घेऊन परत जाते."

खालून काकूंचा आवाज आला, "अहो, देवघरातलं खोकं सगळ्यात आधी वर नेऊ का?"



३. डोकी कुणी फोडली

राजनंदिनीची पद्धत साधी होती. आधी आडनावाचं विचारायचं, माणूस खुलला की मग सुपारीचं.

आत्या, देव्हाऱ्यासमोर पाट टाकून बसलेली.

"डोईफोडे म्हंजे काय साधं घराणं न्हाई. आमच्या खापरपणज्यानं निजामाच्या वक्ताला बिबट्याचं डोस्कं फोडलं. दगडानं. एका."

"एका दगडानं की एका बिबट्याचं?"

"दोन्ही एकच."

"बरं. आणि देव हलवताना जागी काय ठेवता?"

"सुपारी. तांदळावर. आन काय ठेवणार?"

मामा, बाल्कनीत.

"बिबट्या? त्यांच्या खापरपणज्याचं घर आमच्या गावच्या शिवंलाच होतं. चौकट बुटकी, माणूस उंच. रोज आत जाताना डोकं आपटायचं, रोज बाहेर येताना आपटायचं. त्यावरनं नाव पडलं. पुढच्या पिढीनं बिबट्या घातला." मामांनी बाल्कनीतून दूर बघितलं. "मी सांगू का पोरी? तो टाक मथी नव्हताच. नाकात ही एवढी नथ, डोक्यावरनं पदर. आमच्या मथीनं खाकी घालून तिकिटं फाडली. नथ कवा घातली तिनं? सोनाराकडं एकच साचा, सगळ्या बाया त्याच्यातनंच निघतेत."

"मग तुम्हीच उचललात?"

"मी उचलला आस्ता तर सुपारी ठिवली नस्ती." मामा जरा थांबले. "खाल्ली अस्ती."

हा बचाव मला पटला.

बाबा, दुपारी घरी परतल्यावर. आता दोन्ही गाल गुळगुळीत.

"बिबट्या न्हाई आन चौकट बी न्हाई. गावच्या जत्रंत नारळ फोडायचा मान आमचा. येवढंच."

"काका, तुमच्या होणाऱ्या लग्नातला टाक गेलाय. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"सुपारी होती की जागेवर."

"दोन होत्या."

बाबांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, गॅलरीतल्या तुळशीला घातलं आणि म्हणाले, "उन्हं लई वाढलीत." फेब्रुवारी चालू होता.

"तुमच्याकडं सुपारी कशावर ठेवतात?"

"तांदळावर. सगळेच ठेवतेत."

राजनंदिनीनं फोन बंद केला आणि माझ्याकडं वळली.

"शिवराज, मामांनी सकाळी पान खाल्लं. तुमच्या घरात पान कुणी खातं?"

"नाही."

"मामा सोबत पान आणतात?"

"मामा सोबत फक्त अडकित्ता आणतात. बाकी समाजावर सोडतात."

"मग ते पान ताम्हणातलंच होतं. एक सुपारी तांदळावर, एक पानावर. तुमच्याकडं सगळे तांदळावर ठेवतात." तिनं फोन पर्समध्ये टाकला. "चल."

"कुठं?"

"बजाजनगरला. आईची मुलाखत राहिलीय."

ती हे ज्या आवाजात बोलली, त्या आवाजात माणसं रिपोर्ट आणायला जातात.

४. वाकळ

काकूंचं अर्धं घर खोक्यात गेलं होतं. भिंतीवर अभयकाकांचा फोटो अजून होता, कारण तो कुठल्या खोक्यात घालायचा हे ठरलेलं नव्हतं. सगळ्या खोक्यांवर एकतर 'सिडको' लिहिलेलं, नाहीतर 'देऊन टाकायचं'.

"आई, मुलाखत," राजनंदिनी म्हणाली. "वाकळे आडनाव कसं पडलं?"

"किती वेळा सांगू गं?" काकूंनी एक पिशवी उचलून घडी घालायला घेतली. "हे मूळचे फर्दापूरचे. लेणी बघायला लांबून लोक यायचे, थंडीत अडकायचे. मग ह्यांच्या घरी वाकळ मागायला यायचे. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, ह्या घराण्यानं दुसरं काही कमावलं नाही, पण कुणाला नुसत्या भुईवर बसू दिलं नाही. काहीतरी अंथरायचंच. पाहुणा असो, भिकारी असो. तुझे बाबा तर मांजराखाली पोतं टाकायचे."

"आणि देवाखाली?"

"देवाखाली तर..." काकू सहज बोलून गेल्या, "सुपारी ठेवली तरी तिच्याखाली आपल्यात पान असतं."

पिशवीचा त्रिकोण झाला होता. मला सकाळचा काळा गोफ आठवला. पानाच्या कडेला, इवल्याशा त्रिकोणात घडी घातलेला.

राजनंदिनीनं रेकॉर्डिंग बंद केलं.  ती जगातला कुठलाही बोल्ट नापास करू शकते, पण आता समोर तिची आई होती.

"आई. टाक कुठंय?"

काकूंनी तो त्रिकोण उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला सुरुवात केली.

"शनिवारपर्यंत थांब ना गं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतःच देणार होते."

"तिकडं आत्या लग्न मोडायला बसल्यात! चोर म्हणून माझं नाव घेतायत."

"तुझं?" काकूंचा चेहरा पडला. "मला वाटलं द्वारकाताईंना सुपारी बघून कळेल. सांगून नेला असता तर त्यांनी करू दिलं नसतं."

"काय करू दिलं नसतं?"

काकू माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मी वाईट काही केलेलं नाही, शिवराज. तुमच्या आईला शहागंजात नेऊन आणलंय. एवढंच."

"पण दुसरी सुपारी कशाला ठेवली?" मी विचारलं.

"दुसरी कुठली?" काकूंनी डोळे मोठे केले. "मी एकच ठेवली होती."

५. अर्ध्या दाढीचा इसम

राजकुमार सोनार गादीवर बसूनच बोलला.

"बाई आल्या होत्या, व्हय. टाकात बदल करा म्हणल्या. मी म्हणलं, ताई, साचा आजोबाचा, मी देवाला हात लावत न्हाई. ते काम पलीकडं इब्राहीमभाई करतील." मग तो पुढं झुकला. "पण खरी गंमत दुसरीच. त्याच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले. बाप्याचा टाक सांगितला. मी विचारलं, वडलांचा का? न्हाई म्हणले. भावाचा? न्हाई म्हणले. मंग कुणाचा? तर म्हणले, तुम्ही बनवा. आज सकाळी न्यायला आले. ह्या गालाला दाढी, ह्या गालाला न्हाई."

मी आणि राजनंदिनीनं एकमेकांकडं बघितलं. त्या सकाळी अर्ध्या दाढीनं शहरभर हिंडणारा एकच इसम आमच्या माहितीत होता, आणि तो माझा बाप होता.

इब्राहीमचाचा स्टीलच्या भांड्यांवर नावं घालतात. शहागंजाच्या त्या बोळात त्यांचं मशीन दिवसभर दात कोरल्यासारखं किरकिरत असतं. राजनंदिनीनं आडनावं सांगताच त्यांनी मशीन बंद केलं.

"डोईफोडे? तुमारी दादी की हंडी पे मेरे अब्बा नाम डाले थे. वाकळे? वो भी डाले. कितने घरां के नाम इस हात से निकले बेटा, सब खानदानां मेरे कू जुबानी." त्यांनी चष्मा पुसला. "टाक का काम मयच किया. दोनों का."

"काय काम केलं, चाचा?"

"नक्को पूछो. बाई मेरे कू कसम डाले, किसी कू बोलना नक्को. फिर वो आदमी आया, आधी दाढी वाला. वो भी कसम डाला." चाचा हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला आला. "मेरी इत्ती उमर हो गई, शादी से पैले मियां-बीवी एक-दूसरे से चोरी करते देखा. मगर इस टैप की चोरी पैली बार देखा मय."

त्यांनी मशीन परत चालू केलं. त्या आवाजात पुढचं काही विचारता आलं नाही.

रिक्षात राजनंदिनी एवढंच म्हणाली, "दुसरी सीट कुणाची, ते मला कळलं असं वाटतंय. पण चुकीचं निघालं तर मला सहन होणार नाही. म्हणून मी अजून म्हणत नाही."

६. सापडला का गं

शनिवारी दुपारी तिनं सगळ्यांना देव्हाऱ्यासमोर बसवलं. आत्या पाटावर, मामा अडकित्त्याविना (तो मी आधीच काढून घेतला होता), बाबा खिडकीशी, काकू दाराशी.

"ताम्हणात दोन सुपाऱ्या होत्या," राजनंदिनी म्हणाली. "आपण सगळे धरून चाललो की ठेवणारा एकच. पण एकीखाली पान होतं, एकीखाली तांदूळ. पान वाकळे ठेवतात, तांदूळ डोईफोडे. म्हणजे माणसं दोन, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पान टाकाच्याच जागेवर होतं. म्हणजे जो टाक होता तो नेला, परत येणार. तांदूळ मात्र नव्या जागेवर होते. तिथून काहीच गेलेलं नव्हतं. ती सुपारी गेलेल्यासाठी नव्हती, येणाऱ्यासाठी होती." ती काकूंकडं वळली. "गोफ त्रिकोणी घडीत होता. आई, काढ."

काकू उठल्या. पर्समधून एक रुमाल निघाला, त्या रुमालातून दुसरा रुमाल. त्यांनी टाक आत्याच्या हातावर ठेवला.

"रागावू नका ताई. मी रोज फोटो बघते त्यांचा. टाकातली बाई त्या वाटेनात. अनोळखी बाई गळ्यात घालून मी ह्या घरात कशी वावरू? आयुष्यभर बरोबर राहायचं, तर त्या त्याच असायला पाहिजेत."

आत्यानं टाक उजेडात धरला. मी मागून वाकलो.

नथ घासून काढली होती. पदराच्या जागी केस होते. आणि केसांवर, कपाळाच्या जरा वर, दोन बारीक गोल होते, मध्ये काडी.

चष्मा. डोळ्यांवर नाही. डोक्यावर.

"पुढं," काकू मला म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होता, पुढं."

मी विनोद करायला तोंड उघडलं. एकही आला नाही. माझ्यासारख्यासाठी ही गंभीर बाब आहे.

 आता आत्या देवाला हात लावला म्हणून उसळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. तिनं पदरानं डोळे पुसले, टाक आणखी जवळ घेतला आणि हळूच म्हणाली,

"काय गं मथुरे. सापडला का गं चष्मा?"

मामा एकदम खिडकीकडं वळून नाक शिंकरायला लागले. अजिंठ्याकडं जाणारी गाडी सुटावी तेवढा आवाज झाला.

"आता तांदूळ," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काका."

बाबा खिडकीशीच उभे होते. त्यांनी शर्टाच्या आतून काळा गोफ बाहेर काढला. त्याला टाक होता. तो दोन दिवस त्यांच्या गळ्यातच होता.

"सुरेखा मथुरेला गळ्यात घालणार," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "मंग मी काय मोकळ्या गळ्यानं हिंडू? ह्ये अभयराव हायेत. देवापुढं त्यांची जागा धरून ठिवली होती. तात्यासायबांनी खाल्ली."



"गड्यांनी आसं काही घालायचं नसतंय, सोमनाथ," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता. "कुठंच न्हाई."

"कुठंच न्हाई, तर हितं."

"आन त्याला म्हणायचं काय? नवऱ्याच्या पहिलीला सवत म्हणतेत. ह्याला तर नावच न्हाई."

"अभयराव म्हणायचं. नाव हाय की त्यांना."

राजनंदिनी पुढं गेली. तिनं तो टाक तळहातावर घेतला आणि हसायला लागली, आणि हसताना रडायला लागली, दोन्ही एकदम. सोनाराकडं पुरुषाचा साचाही एकच होता. घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार.

"बाबांना घोड्याची भीती वाटायची! वरातीत लांबून चालायचे. लूनावर जायचे कामाला."

"सोनार म्हणला, लूना निघत न्हाई," बाबा अपराध्यासारखे म्हणाले. "पण इब्राहीमभाईनं हे केलं. बघ."

घोड्याच्या गळ्यात तीन कप्प्यांचा जेवणाचा डबा अडकवलेला होता.

काकू भिंतीला टेकून हळूहळू खाली बसायला लागल्या. राजनंदिनीनं पळत जाऊन खोक्यातली वाकळ ओढली आणि त्या जमिनीला टेकायच्या आत त्यांच्याखाली सरकवली. तिला ते करताना कळलंसुद्धा नाही.

७. रविवार

रविवारी काय झालं, ते पहिल्या परिच्छेदात आलेलं आहे. तो वाचलेला नाही असं ज्यांनी मान्य केलं होतं, त्यांनी आता वाचावा.

फ्लेक्स लागला. त्यावर डोईफोडे आडनावाची तिन्ही कारणं छापली, बिबट्या, चौकट आणि नारळ, कारण एकही काढलं तर एकेक माणूस जेवायला बसणार नव्हता. अभयकाकांची चौकट आत्यानं स्वतः स्क्रीनवर बोट ठेवून खाली आणवली. "हितं. सोमनाथच्या काखंत. आन त्याच्याखाली कायतरी अंथर." मी चौकटीखाली वाकळेची नक्षी टाकली. ती फ्लेक्सवर फार भडक आली. ताईनं नापास केली नाही.

हो, ताई. निर्णय झाला.

दोन दिवसांनी मी खालील अर्ज संबंधित कार्यालयात दिला. खिडकीपलीकडच्या माणसानं तो दोनदा वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि जेवायला निघून गेला.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी

विषय : शिधापत्रिकेत दोन मयत सदस्यांची नावे नव्याने दाखल करणेबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये विनंती की, नुकत्याच झालेल्या विवाहामुळे आमच्या कुटुंबात चार सदस्यांची वाढ झाली असून त्यापैकी दोन मयत आहेत. हयत सदस्यांची नोंद नियमानुसार होईलच. तथापि कै. मथुरा सोमनाथ डोईफोडे यांचे नाव सहा वर्षांपूर्वी कमी करण्यात आले ते पूर्ववत करावे व कै. अभय वाकळे यांचे नाव त्यांच्या मूळ आडनावासह समाविष्ट करावे. 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात अनुक्रमे 'पत्नीच्या गळ्यातील' व 'स्वतःच्या गळ्यातील' असे नमूद करावे. सदर दोन्ही सदस्य धान्य उचलणार नाहीत, याची हमी देण्यात येत आहे.

निर्णय होईपर्यंत रकान्यातील जागा राखून ठेवण्यासाठी सोबत दोन सुपाऱ्या जोडल्या आहेत, एक पानावर, एक तांदळावर. कार्यालयातील कोणीही त्या खाऊ नयेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
शिवराज सोमनाथ डोईफोडे